पानाचे पैसे दिले, पात्राचे नव्हेत

"पानाचे पैसे दिले, चित्रकाराने ते घेतले, व्यवहार संपला." कॉमिक्समधल्या पात्रांच्या मालकीचा विषय निघाला की प्रकाशकांच्या बाजूने पहिले वाक्य हेच येते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात शालेय पुस्तके आणि वर्कबुके छापणाऱ्यांकडून मी ते ऐकले आहे. मोठ्या शहरांतल्या मोठ्या प्रकाशकांची भूमिकाही फार वेगळी नसते. सर्वांत जास्त लागते ते हे, की चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडणारी आमची मुलेच आता ते बोलू लागली आहेत. मानधन घेतले, व्हाउचरवर सही केली, मग ते माकड, तो ढेरपोट्या हवालदार, ती चष्मेवाली मुलगी आपली कशी राहील, असे ती मला विचारतात.

राहते. पानाचे पैसे देणाऱ्याने पान छापण्याचा हक्क घेतलेला असतो. त्या पानावर वावरणारे पात्र त्याचे व्हायचे असेल तर ते वेगळे, लेखी आणि मोबदला ठरवून घ्यावे लागते. या देशाचा कायदा असा आहे, आणि एका व्यंगचित्रकाराच्या खटल्यात एका उच्च न्यायालयाने त्याची कसोटीही लावलेली आहे. तो खटला मराठी चित्रकारांना माहीत नाही, याचे मला वाईट वाटते. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

व्ही. टी. थॉमस हे केरळातल्या कुट्टनाडचे. मल्याळी वाचक त्यांना टॉम्स म्हणून ओळखतो. बोबन आणि मोली ही त्यांच्या चित्रकथेतली खोडकर भावंडे. शेजारच्या दोन खऱ्या मुलांवरून ती त्यांना सुचली आणि 'मलयाळ मनोरमा'च्या नोकरीत शिरण्याआधीच त्यांनी ती कागदावर उतरवली होती. पुढे वर्षानुवर्षे ही दोघे मनोरमा साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर येत राहिली, आणि लोक साप्ताहिक मागच्या पानापासून वाचायला घेतात असे केरळात म्हटले जाऊ लागले. १९८७ मध्ये टॉम्स नोकरीतून बाहेर पडले आणि बोबन-मोलीला घेऊन 'कलाकौमुदी'कडे गेले. मनोरमाने कोर्टात धाव घेतली. मागणी अशी, की ही पात्रे आमची आहेत, टॉम्स यांनी ती यापुढे काढू नयेत. ज्याने ती दोन पोरे जन्माला घातली त्याच्याच हाताला बंदी घाला, असा त्या दाव्याचा अर्थ होता.

प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये निकाल आला. नोकरीत असताना साप्ताहिकासाठी काढलेल्या चित्रकथांवर मालकाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पण पात्रे नोकरीच्या आधीची आहेत, ती टॉम्स यांची आहेत, आणि नोकरी संपल्यानंतर ते जे नवे काढतील त्यावर जुन्या मालकाचा अधिकार चालत नाही, हेही स्पष्ट केले. पगार देणाऱ्याला पगाराच्या काळातले काम मिळाले. माणसाची कल्पनाशक्ती त्याला कायमची मिळाली नाही. टॉम्स त्यानंतर २०१६ मध्ये निधन होईपर्यंत बोबन-मोलीचे बापच राहिले.

यावर लगेच उत्तर येते: टॉम्स यांची पात्रे नोकरीआधीची होती म्हणून ते सुटले. नोकरीतच जन्मलेल्या पात्राचे काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. वर्तमानपत्र किंवा नियतकालिकाच्या मालकाकडे पगारी नोकरीत असलेल्या लेखकाने वा चित्रकाराने छापण्यासाठी केलेले काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचे असते. पण किती? फक्त नियतकालिकात छापण्यापुरते. बाकी सर्व बाबतीत पहिला मालक निर्माताच, असे त्याच पोटकलमात पुढे लिहिले आहे. म्हणजे आपल्या शहरातल्या एखाद्या दैनिकाच्या पगारी चित्रकाराने रविवारच्या पुरवणीसाठी एक पात्र तयार केले आणि ते मुलांच्या दप्तरावर, टी-शर्टवर, चित्रपटात, मोबाइलच्या खेळात गेले, तर वेगळा करार नसताना तो हक्क दैनिकाचा नसून चित्रकाराचा आहे. इतके स्वच्छ लिहिलेले कलम असूनही व्यवहार उलटा चालतो. चित्रकाराने ते वाचलेले नसते, आणि त्याने वाचावे अशी समोरच्याची इच्छा नसते.

इतर प्रकारच्या कंपन्यांत मात्र स्थिती वेगळी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ॲनिमेशन स्टुडिओत किंवा जाहिरात संस्थेत महिन्याच्या पगारावर असाल तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक कंपनीच ठरते. पण आपल्याकडचे बहुतेक चित्रकार पगारी नोकरीत असतात कुठे? घरी बसून, पानामागे किंवा चित्रामागे पैसे घेऊन काम करणारे ते स्वतंत्र कारागीर आहेत. त्यांच्या बाबतीत नोकरीचा नियम लागूच होत नाही. इथे प्रकाशकांचे वकील आणखी एक पोटकलम पुढे करतात: मोबदला देऊन सांगून करवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीव ठसा किंवा चित्रपट हे करवून घेणाऱ्याचे. त्या यादीत रेखाचित्र नाही. कायद्याने कलाकृतीची व्याख्या करताना रेखाचित्राचा उल्लेख रंगचित्रापासून वेगळा केला आहे, इथे मात्र तो केलेला नाही. काळ्या शाईत काढलेल्या कॉमिक्सच्या पानाला ते पोटकलम लावण्याला माझा ठाम आक्षेप आहे, आणि कुणीतरी चित्रकाराने तो न्यायालयापुढे लढवावा असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या माणसांकडे येतो. माझ्या पिढीचे बालपण इंद्रजालच्या वेताळावर आणि आबिद सुरती यांच्या बहादूरवर गेले, धाकट्या भावंडांचे टिंकल आणि अमर चित्र कथेवर. यातल्या टिंकल आणि अमर चित्र कथा देशभर गेल्या, पण त्यांतल्या रेषा फार मोठ्या प्रमाणावर मराठी हातांच्या होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? अमर चित्र कथेचा 'कृष्ण' राम वाईरकरांनी काढला. टिंकलमधला सुप्पांडी, ते लांबट डोके, ती भाबडी नजर, वाईरकरांचीच. पुढे त्यांच्या कन्येनेही तो काढला. डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांचा. कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांनी इतिहास-पुराणांच्या किती अंकांना चेहरे दिले, हे जुने अंक उघडून पाहावे. एखाद्या मुलाला आज कृष्ण डोळ्यांपुढे आणायला सांगितले तर त्याच्या डोळ्यांपुढे वाईरकरांचा कृष्ण येण्याचा संभव मोठा आहे.

२००७ मध्ये अमर चित्र कथा आणि टिंकल ही दोन्ही नावे इंडिया बुक हाउसकडून एसीके मीडिया या नव्या कंपनीकडे गेली, आणि काही वर्षांत फ्यूचर समूहाची त्यात मोठी गुंतवणूक आली. कुणी बेकायदा वागले असा माझा आरोप नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. अशा व्यवहारात विकत काय घेतले जाते? छापखाना नाही, कागद नाही. सुप्पांडी, शंभू, कालिया आणि शेकडो अंकांतली चित्रे घेतली जातात. ती संपत्ती ज्यांच्या बोटांतून उतरली त्यांना तेव्हा पानाचा दर मिळाला होता. संपत्तीची खरी किंमत मात्र चाळीस वर्षांनी ठरली, आणि ती ठरत असताना चित्रकार टेबलावर नव्हते.

मुळीकांचेच दुसरे उदाहरण घ्या. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला, त्याला सुरुवातीचे रूप मुळीकांनी दिले. पुढे १९९० च्या दशकात नागेश नावाचे मिळतेजुळते पात्र बाजारात आले आणि राजा पॉकेट बुक्स विरुद्ध राधा पॉकेट बुक्स असा खटला दिल्ली उच्च न्यायालयात उभा राहिला. हिरवे अंग, सापांची ताकद, पेहराव, नाव, असे एकेक करून साम्य मोजले गेले आणि नागराजच्या बाजूने मनाई हुकूम निघाला. निकाल योग्यच होता. पण त्या खटल्याचे नाव पुन्हा वाचा. एका बाजूला प्रकाशक, दुसऱ्या बाजूलाही प्रकाशक. न्यायालय ज्या हिरव्या अंगाची, ज्या खवल्यांची, ज्या उभे राहण्याच्या ढबीची तुलना करत होते, ती काढणारा हात वादी म्हणून नाही आणि प्रतिवादी म्हणूनही नाही. दुसऱ्याने नक्कल केली की प्रकाशक न्यायालयाला सांगतो की पात्र ही मौल्यवान मालमत्ता आहे. चित्रकाराने वाटा मागितला की तोच प्रकाशक सांगतो की ते तर एका पानावरचे एक चित्र होते. या दोन गोष्टी एकाच तोंडाने बोलता येणार नाहीत. पात्र हे पानापेक्षा मोठे, स्वतंत्र आणि संरक्षणाला पात्र असू शकते, हे मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात मान्य केले आहे. पात्र पानापेक्षा मोठे असेल, तर पानाच्या दरात ते आले कसे?

जगातले सर्वांत प्रसिद्ध पात्र मात्र अगदी अक्षरशः पानाच्या दरात गेले. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडची दोन तरुण पोरे. १९३८ मध्ये त्यांनी सुपरमॅनची तेरा पानांची गोष्ट दिली, दर पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. त्या रकमेसोबत एका कागदावर सही झाली आणि सुपरमॅन कायमचा कंपनीचा झाला. १९४७ मध्ये दोघांनी खटला भरला. पुढच्या वर्षी सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, पण पात्र गेले आणि अंकांवरची त्यांची नावेही गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट काढण्याची तयारी चालली होती, तेव्हा सीगल कारकुनी करत होता आणि शुस्टरची दृष्टी जवळपास गेली होती. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी वर्तमानपत्रांतून आवाज उठवला, तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन आणि 'निर्माते' म्हणून नाव द्यायचे कबूल केले. त्यानंतर वारसांनी अमेरिकी कायद्यातल्या हक्क परत घेण्याच्या तरतुदीवर पुन्हा लढा दिला. २००८ मध्ये सीगलच्या वारसांच्या बाजूने महत्त्वाचा निकाल लागला, आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने २००१ च्या तडजोडीच्या पत्राच्या आधारे तो फिरवला. पंचाहत्तर वर्षे एका सहीचा निकाल लागत होता. ज्या धनादेशात त्या १३० डॉलरची नोंद आहे तो कागद २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. सुपरमॅनची किंमत देणाऱ्या कागदालाही त्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त किंमत आली.

इथे प्रकाशकांचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो आणि त्याला टाळणे बरे नव्हे. जोखीम आम्ही घेतली, असे ते म्हणतात. दहा पात्रे काढली, नऊ पडली, एक चालले. त्या नऊंचा तोटा चित्रकाराने भरला का? छपाई, वितरण, परत आलेल्या अंकांचे गठ्ठे, हे सगळे आमच्या अंगावर.

जोखीम खरी आहे. मराठीत मासिक काढणाऱ्याची तर फारच खरी आहे, आणि मला त्या माणसाविषयी आदर आहे. पण जोखमीचा मोबदला म्हणजे त्या अंकाचा, त्या पुस्तकाचा, त्या आवृत्त्यांचा नफा. तो त्याने पूर्ण घ्यावा. तीस वर्षांनी कुणीतरी त्या पात्रावर चित्रपट काढतो, तेव्हा त्या चित्रपटाची जोखीम मूळ प्रकाशकाने घेतलेली नसते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून आला, १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आला, आणि २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा भागवतांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. पात्राचा खरा पैसा असा उशिरा आणि दुसऱ्याच माध्यमातून येतो. पहिल्या दिवशी त्याची किंमत प्रकाशकाला कळत नाही, चित्रकारालाही कळत नाही. दोघांनाही ठाऊक नसलेली किंमत एकाने पहिल्याच दिवशी कायमची खिशात घालणे, याला जोखमीचा मोबदला म्हणता येणार नाही.

आणि पात्र निर्मात्याकडे राहिले म्हणून प्रकाशक बुडाले, असे घडलेले दिसत नाही. चाचा चौधरी १९६९ मध्ये 'लोटपोट'मध्ये जन्मला आणि त्याचे चित्रकार प्राण यांच्याबरोबर पुढे डायमंड कॉमिक्सकडे गेला, दोन्हीकडे खपला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला, पुढे 'लोकसत्ता'त गेला, त्याच्यावर २०१२ आणि २०१३ मध्ये दोन चित्रपट आले. दैनिक बदलले तरी चिंटूची सकाळ चुकली नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये काही नावाजलेले चित्रकार मोठ्या कंपन्या सोडून बाहेर पडले आणि पात्रे निर्मात्यांचीच राहतील या अटीवर त्यांनी इमेज कॉमिक्स काढली. ती आजही उभी आहे.

मग करारावर बोट ठेवले जाते. सही केली ना?

करार पाळावा, यात वाद नाही. पण कसल्या कराराला करार म्हणायचे? अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या धनादेशांच्या पाठीवर एकेकाळी हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असायचा. म्हणजे पैसे घ्यायचे तर सही, आणि सही केली की हक्क गेला. आपल्याकडे धनादेशाची जागा व्हाउचरने घेतली आहे. काम होऊन महिने झालेले असतात, पैसे अडलेले असतात, मग मानधनाच्या पावतीवर बारीक अक्षरात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ येते. अशा पावत्यांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत, कारण घरभाडे द्यायचे होते. आपल्या कायद्याची कलमे १८ आणि १९ याबाबत पुष्कळ बोलतात. हक्कांचे हस्तांतर लेखी हवे. कोणते काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे त्यात हवे. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षे धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही आणि करारात तसे वेगळे म्हटलेले नसेल, तर हस्तांतर संपते. करार झाला तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या माध्यमासाठीचा हक्क, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाही. आणि सगळे हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे निर्माता म्हणून नाव मागण्याचा आणि कामाची विटंबना थांबवण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. बारीक अक्षरातल्या त्या एका ओळीत यातले काय असते?

चौथा मुद्दा मला खरोखर अवघड वाटतो. पात्र एकट्याचे नसते. सुप्पांडीची मूळ कल्पना एका तामिळ वाचकाने पाठवली होती, गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्या, संपादकांनी घडवल्या, वाईरकरांनी रूप दिले. मालक कोणाला म्हणायचे?

सगळ्यांना म्हणायचे. वाटे कमीजास्त असतील, भांडणेही होतील. बॅटमॅनचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. बॉब केनने आपल्या नावावर सौदा करून घेतला आणि ज्याने त्या पात्राचा टोप, पेहराव, शहर, स्वभाव घडवण्यात मोठा वाटा उचलला तो बिल फिंगर अधिकृत श्रेयाविना १९७४ मध्ये गेला. त्याचे नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडावे लागले. जपानमधल्या 'कँडी कँडी'च्या लेखिका आणि चित्रकर्ती यांच्यातला खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात २००१ मध्ये निकाली निघाला. गोष्ट लेखिकेची आहे, म्हणून तिच्या संमतीशिवाय चित्रकर्तीलाही नायिकेची चित्रे वापरता येणार नाहीत असे ठरले. त्यानंतर ती लोकप्रिय मालिका बाजारातून जवळपास नाहीशी झाली. निर्मात्यांनी आपसात आधी लिहून ठेवले नाही तर असे होते, हे मी मान्य करतो. पण लेखक आणि चित्रकार यांचे वाटे ठरवणे अवघड आहे, म्हणून दोघांचेही वाटे तिसऱ्याने घ्यावेत, हे त्यातून कसे निघते? चित्रपटसंगीतात गीतकार, संगीतकार आणि कंपनी यांचे वाटे ठरवता येतात. कॉमिक्समध्येही येतील.

या शहरात राहणाऱ्या माणसाला शेवटचा एक मुद्दा हमखास ऐकावा लागतो, आणि तो ऐकला की माझा संयम सुटतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कुठे नावे लिहिली, असे विचारतात. आपली परंपरा निनावी आहे, हे 'माझे पात्र, माझा हक्क' पाश्चात्त्यांकडून आले.

शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे, जाऊन पाहावे. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. सव्विसाव्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राचा आहे. ज्यांनी खर्च केला त्यांनी आपली नावे दगडात कोरून ठेवली. १८१९ मध्ये शिकारीच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव ओरखडले. दात्याचे नाव आहे, वाटसरूचे नाव आहे. जातककथांचे एकेक दृश्य भिंतीवर जिवंत करणाऱ्याचे तेवढे नाही. ही परंपरा निनावी नव्हती, तिच्यात नाव कोणाचे लागावे हे पैसा ठरवत होता. पैठणच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथींच्या पोथ्यांतही तेच झाले. रामायण-महाभारताची पाने उलगडत गावोगाव गोष्टी सांगणाऱ्यांच्या त्या चित्रांना आज संग्रहालयांत जागा आहे; चित्रे कोणत्या हातांनी काढली, हे कुणी लिहून ठेवले नाही. या विस्मृतीला परंपरा म्हणून मिरवू नये. निदान आपल्या हयातीत ती पुढे चालवू नये.

आता सरकारकडे. २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती ही मोठी गोष्ट होती. जावेद अख्तर आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या पाठपुराव्यामुळे चित्रपटातल्या साहित्यिक आणि सांगीतिक कामाच्या निर्मात्यांना असा हक्क मिळाला, जो सही करूनही गमावता येत नाही: चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाबाहेर त्या कामाचा जो वापर होईल त्यातला बरोबरीचा वाटा. गीतकाराला कराराने तो हक्क सोडायला लावता येत नाही. पण त्या तरतुदीत कलाकृतीचा, म्हणजे चित्राचा, उल्लेख नाही. चित्रकथेचा लेखक त्या छत्राखाली येऊ शकतो, शेजारी बसलेला चित्रकार भिजत उभा आहे. मूळ चित्राचा कागद पुन्हा विकला गेला तर त्या विक्रीत वाटा देणारे कलम ५३ अ आहे, पण पात्राच्या खेळण्यांचा, मालिकांचा, चित्रपटांचा पैसा त्या कागदातून येत नाही. कलम १८ आणि १९ मधल्या त्या तरतुदींत साहित्य आणि संगीताच्या बरोबरीने चित्राचाही समावेश करावा, एवढीच माझी मागणी आहे. मराठवाड्याच्या खासदारांपैकी एकानेही ती लोकसभेत मांडली तरी सुरुवात होईल.

पण दुरुस्तीची वाट पाहत बसण्याची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे हक्कभंगाचा दावा निर्माता जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. प्रकाशक मुंबईचा असो वा दिल्लीचा, संभाजीनगरच्या चित्रकाराला तिथे जावे लागत नाही. अदालत रोडवर दावा दाखल होतो, आणि पुढे अपिलाला जालना रोडवर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, तरी चित्राची नोंदणी ५०० रुपयांत ऑनलाइन करता येते आणि न्यायालयात पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. पात्राची पहिली कच्ची रेखाटने तारीख घालून जपून ठेवावीत. टॉम्स यांना वाचवले ते पात्र नोकरीआधीचे असल्याच्या सत्याने, आणि सत्याला कागद लागतो. वकिली शिकणाऱ्या मुलांनी आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलांनी एकत्र बसून एक साधा मराठी करारनमुना तयार केला, तर ते या शहरातल्या कुठल्याही प्रदर्शनापेक्षा उपयोगाचे काम ठरेल.

तोवर, मे महिन्यात बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो, पहिले व्हाउचर हातात आले की 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या ओळीवर आडवी रेघ मारा. वर स्वच्छ अक्षरात 'फक्त या अंकातील प्रसिद्धीसाठी' असे लिहा, शेजारी छोटी सही आणि तारीख घाला, मगच खाली सही करा, आणि पावती परत देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.